‘अस्सल लिस्टर’ मागणाऱ्या मुंबईकरांसाठी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन, मुरुड, दापोली, मंडणगडच्या कित्येक वाड्या आठवडेच्या आठवडे अंधारात राहिल्या. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आले. तेव्हापासून गावी घर, विहीर आणि चार नारळी-पोफळी असलेले अनेक मुंबईकर पावसाळ्याच्या तोंडावर नागदेवी स्ट्रीटवर इंजिन शोधताना दिसतात. मागणी ठरलेली: ‘अस्सल लिस्टर दाखवा.’ दुकानदार मान डोलावतो, सौदा होतो आणि इंजिन टेम्पोत चढते. नावावर विश्वास ठेवून केलेल्या या खरेदीत तपासणी कोणीच करत नाही, म्हणून हे पत्र.

एका सिलिंडरचे, सहा अश्वशक्तीचे, मिनिटाला ६५० फेऱ्यांचे, दोन जाड चाकांचे ते लिस्टर सीएस इंजिन इंग्लंडात १९८७ पर्यंत बनत होते. आज नवे म्हणून विकले जाते ते राजकोटकडचे ‘लिस्टर टाइप’. हा माल टाकाऊ असतो असे आमचे म्हणणे मुळीच नाही. नीट बांधलेले लिस्टर टाइप इंजिन वर्षानुवर्षे विहिरीवर चालते. पण मूळ कंपनी उतरणीला लागली तेव्हा तिच्या इंजिनाची आकृती मागे राहिली आणि त्या आकृतीमागची मोजमापे, साफसफाई, चाचणी मागे पडली. ते काम आता घेणाऱ्यानेच करून घ्यायचे असते, आणि नेमके तेच होत नाही.

रॉबर्ट अ‍ॅश्टन लिस्टर यांनी १८६७ मध्ये ग्लॉस्टरशरमधल्या डर्सली गावी कारखाना काढला तो शेतीच्या अवजारांचा. त्यांचे नाव दूरवर गेले ते दुधातून साय वेगळी काढणाऱ्या ‘अलेक्झांड्रा’ यंत्रामुळे. त्याची रचना मिकेल पेडरसन या डॅनिश तंत्रज्ञाची. इंजिनाच्या धंद्यात ते १९०९ मध्ये शिरले, तेही दुसऱ्याने आखलेल्या पेट्रोल इंजिनाचे हक्क घेऊन. यातला क्रम महत्त्वाचा आहे. शेतकरी गिऱ्हाईक आधीपासून हातात होते, विक्रेत्यांचे जाळे होते, फिरवायची यंत्रे होती. फिरवणारे इंजिन शेवटी आले. आपल्याकडे किर्लोस्करांचा प्रवास नांगर आणि चरकापासून इंजिनापर्यंत झाला, तोही याच वाटेने.

खरी झेप १९२९ ची. संस्थापकांचे नातू पर्सी लिस्टर यांच्या कारकिर्दीत सीएस हे डिझेल इंजिन आले. सीएस म्हणजे कोल्ड स्टार्ट. त्या काळातली बरीच तेलाची इंजिने सुरू करायची तर आधी हेडचा (सिलिंडरवरच्या झाकणाचा) गोळा ब्लोलॅम्पने तापवावा लागे. सीएस थंडगार असताना हँडल मारून सुरू होई. हेडला जोडून दोन कप्पे होते आणि मधला रस्ता बंद करणारा एक व्हॉल्व्ह, बाहेरून हाताने फिरवायच्या छोट्या चाकासकट. सुरू करताना चाक आत फिरवले की एक कप्पा बंद होऊन दाब वाढतो आणि थंड हवेतही डिझेल पेट घेते. भार आला की चाक बाहेर फिरवून दुसरा कप्पा मोकळा करायचा. बऱ्याच नकलांत हा व्हॉल्व्ह नसतोच. त्या जागी नुसता प्लग ठोकलेला असतो किंवा हेडच निराळे असते. त्यामुळे जुन्या पुस्तिकेत वाचून ते छोटे चाक शोधत बसू नये.

सीएसचे सिलिंडर ११४.३ मिमी व्यासाचे आणि स्ट्रोक १३९.७ मिमी, म्हणजे साडेचार इंच आणि साडेपाच इंच. जवळजवळ १.४३ लिटरच्या सिलिंडरमधून अवघी सहा अश्वशक्ती. आजच्या हिशेबाने ही उधळपट्टी वाटेल, पण टिकाऊपणाचे मूळ तिथेच आहे. ६५० फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला ३ मीटरच्या आसपास पडतो. दीड हजार फेऱ्यांच्या साध्या पंपसेट इंजिनाला तो पाच-साडेपाच मीटर असतो. झीज कमी, तापमान बेताचे, आणि गावातला सुतार-लोहारही पाना लावू शकेल इतके सगळे भाग उघडे. याच घराण्यातला स्टार्ट-ओ-मॅटिक हा संच तर घरातला पहिला दिवा लावला की बॅटरीवर आपोआप सुरू होई आणि शेवटचा दिवा मालवला की बंद पडे. इन्व्हर्टरचे कौतुक करणाऱ्यांनी हे एकदा ऐकून ठेवावे.

पुढे कंपनीने १९३० च्या दशकात स्टॅमफर्डची ब्लॅकस्टोन ही इंजिन कंपनी आपल्या छत्राखाली घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर हवेवर थंड होणारी हलकी इंजिने काढली आणि तीही खूप खपली. मग बिघडले काय?

‘चिन्यांनी मारले’, ‘कामगारांनी बुडवले’ ही दोन उत्तरे आपल्याकडे कोणत्याही बंद कारखान्याला लागू करतात. लिस्टरच्या बाबतीत ती दोन्ही अपुरी आहेत. पहिले कारण इंजिनातच होते. जे इंजिन बापाने घेतले आणि मुलाने वापरले, त्याचे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा दुकानात येत नाही. अशा कंपनीची चूल सुट्या भागांवर पेटते. सीएसचे भाग मात्र बीडाचे, साधे, कोणत्याही बऱ्या लेथवर निघतील असे. जिथे इंजिन सर्वांत जास्त विकले गेले, तिथेच त्याचे रिंग, लाइनर, नोझल, बुश बनू लागले. आणि भाग बनवणाऱ्याला एके दिवशी लक्षात आले की आपण आता अख्खे इंजिनच बनवतो आहोत. राजकोटची ओतशाळा आणि लेथ यांची साखळी त्यावर उभी राहिली. तिथे दोनच जाती मानतात: संथ चालणारे ते लिस्टर टाइप, वेगात चालणारे ते ‘पीटर’. हा पीटर म्हणजे योव्हिलच्या पेटर कंपनीचा अपभ्रंश.

दुसरे कारण, खेड्यापर्यंत पोचलेली विजेची तार. शेतावरचा दिवा आणि विहिरीवरचा पंप ही लिस्टरची हक्काची गिऱ्हाइके, आणि तार पोचली की दोन्ही एकदम जात. उरलेला बाजार बांधकाम, बोटी, शीतगाड्या, टेलिफोनची केंद्रे यांचा. तिथे हलके, शांत, अनेक सिलिंडरचे इंजिन हवे होते, आणि त्या मैदानात कुबोटा, यानमार हे जपानी आधीच तयारीने उतरले होते. त्यानंतर आले धुराचे नियम. प्रत्येक नव्या नियमाबरोबर प्रत्येक इंजिन नव्याने तपासून, प्रमाणित करून घ्यावे लागते. हा खर्च लाखभर इंजिने विकणाऱ्याला जाणवत नाही, काही हजार विकणाऱ्याचा मात्र दम काढतो. आपल्याकडेही १ जुलै २०२३ पासून जनरेटर संचांना लागू झालेल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या (सीपीसीबी) चार-प्लस नियमांनी लहान जुळणीवाल्यांची हीच कोंडी केली.

तिसरे कारण मालकीचे, आणि आमच्या मते सर्वांत मारक तेच. १९६५ मध्ये हॉकर सिडली या विमानांपासून वीजयंत्रांपर्यंत सगळे करणाऱ्या समूहाने लिस्टर घेतली. पेटर त्यांच्याकडे आधीच होती. एकाच घरात, एकाच आकाराची, एकाच गिऱ्हाइकासाठीची दोन नावांची इंजिने वीस वर्षे शेजारी-शेजारी बनत राहिली. १९८६ मध्ये कुठे लिस्टर-पेटर असे एकत्रीकरण झाले. १९९१ मध्ये बीटीआर या दुसऱ्या ब्रिटिश उद्योगसमूहाने अख्खी हॉकर सिडलीच गिळली. इंजिनाचा नवा नमुना आखून, चालवून, बाजारात रुजवायला आठ-दहा वर्षे लागतात आणि समूहाचा हिशेब दर सहा महिन्यांनी होतो. अशा घरात नवा नमुना पुढे ढकलणे हाच नेहमी सोयीचा निर्णय ठरतो. त्यानंतर मालक बदलत गेले, कंपनी आक्रसत गेली, शेवटी डर्सलीची जागाही सुटली. तिथे आता लिटलकोम नावाची वसाहत आहे. लालबाग-परळकरांना याहून अधिक सांगायला नको.

आता मुद्द्याच्या कामाकडे. नवे लिस्टर टाइप इंजिन गावी नेण्याआधी मुंबईतच, माहितगार फिटरकडून एकदा उघडून घ्यावे. ‘नवेकोरे इंजिन उघडायचे?’ असे विचारणारे पुढे क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) घासून घ्यायला येतात. या इंजिनात तेलाचा पंप आणि फिल्टर यांवर भिस्त नाही. बिग-एंडला, म्हणजे क्रँकला धरणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या टोकाला, लावलेली पळी क्रँककेसमधले तेल उडवते आणि त्या शिंतोड्यांवर बेअरिंग जगते. म्हणजे तेलात जे पडेल ते थेट बेअरिंगवर जाणार. आणि पडते काय, तर साच्यातली वाळू. ओतकाम नीट झाडले नसेल तर क्रँककेसच्या कोपऱ्यांत, हेडच्या पाण्याच्या वाटांत वाळू चिकटून राहते. त्यावरच रंग मारलेला असतो. शे-दोनशे तासांत रंगाचे पापुद्रे सुटतात, वाळू तेलात उतरते आणि पांढऱ्या धातूच्या बेअरिंगमध्ये रुतून क्रँकला ग्राइंडिंग पेस्टसारखी घासत बसते. उपाय कंटाळवाणा पण स्वस्त आहे. बाजूचे झाकण काढा, आतला रंग तारेच्या ब्रशने खरवडा, कोपरे छिन्नीने टोकरा, डिझेलने धुवा आणि पांढरे फडके फिरवा. फडके स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा धुवा. मग तेल-डिझेल सहन करणारा क्रँककेसचा रंग आतून लावा किंवा काहीच लावू नका. तेल साधे, एका ग्रेडचे ४० नंबर. पहिले तेल पाच तासांनी काढा, दुसरे पंचवीस तासांनी, पुढे दर शंभर तासांनी. काढलेले तेल परातीत ओतून खाली चुंबक फिरवला की आत काय चालले आहे ते कळते.

दुसरी जागा म्हणजे चाकांच्या चाव्या, म्हणजे चाक क्रँकवर घट्ट धरणाऱ्या पाचरी. दोन्ही चाके क्रँकवर डोक्याच्या निमुळत्या चावीने घट्ट होतात. चावी वर आणि खाली पूर्ण लांबीला टेकली पाहिजे, आणि ठोकून बसल्यावरही तिचे डोके आणि चाकाचा हब (मधला जाड भाग) यांत फट दिसली पाहिजे. डोके हबला टेकले तर चावी घट्ट झाली की अडली, हे कळायला मार्ग राहत नाही. निळी शाई लावून चावी एकदा बसवायची, काढायची आणि शाई कुठे पुसली ते बघून कानस मारायची. ढिली चावी कमी वेगात टक-टक असा आवाज देते. नवखा फिटर त्याला बिग-एंडचा आवाज समजून इंजिन खोलतो. खरी ओळख अशी की भार टाकल्यावर हा आवाज बहुधा दबतो. तो आवाज घेऊन इंजिन चालवत राहिले तर हबला तडा जातो, आणि फिरत्या चाकाचा हब फुटणे म्हणजे काय हे लिहायची गरज नाही.

इंजिन पायावर उड्या मारत असेल तर लोक बोल्ट आवळत बसतात. आधी चाके तपासा. समतोलाचे वजन चाकातच ओतलेले असते. दोन्ही चाकांचे वजनदार भाग एकाच बाजूला, क्रँकपिनच्या (कनेक्टिंग रॉड जिथे जोडतो त्या खुंटीच्या) विरुद्ध, यायला हवेत. घाईत एक चाक उलटे बसवले गेलेले आढळते. चाके बरोबर असूनही इंजिन उडत असेल तर चाक सुटे काढून दांड्यावर, दोन सपाट पट्ट्यांवर गडगडवून जड बाजू शोधावी लागते. पाया सिमेंटचा सलग ठोकळा हवा, इंजिनाच्या वजनाच्या निदान तिप्पट-चौपट. लाकडी ओंडक्यांवर तात्पुरते ठेवलेले इंजिन कायमचे तिथेच राहते असा अनुभव आहे, तेव्हा पाया आधी.

हेड उघडलेलेच आहे तर पिस्टन आणि हेड यांतली जागा मोजा. सोल्डरच्या तारेचे दोन तुकडे पिस्टनवर ग्रीसने चिकटवा, हेड पूर्ण आवळा, चाक हाताने एकदा वरच्या टोकापलीकडे न्या, हेड काढून चपटी झालेली तार मायक्रोमीटरने मोजा. साधारण दीड मिलिमीटर हवी. जास्त असेल तर थंडीत सुरू व्हायला त्रास आणि पांढरा धूर. कमी असेल तर इंजिन तापल्यावर ठोके. सिलिंडरच्या बुडाखालचे शिम (पातळ पत्रे) कमी-जास्त करून ही जागा जुळते. हेडचे नट एका दमात आवळू नयेत. समोरासमोरच्या जोड्या घेत तीन फेऱ्यांत आवळावेत आणि इंजिन पहिल्यांदा गरम होऊन पूर्ण थंड झाले की पुन्हा एकदा. टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) फट थंड इंजिनाला सतरा थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.४३ मिमी.

डिझेल फवारायची वेळ पिस्टन वर पोचण्याआधी २० अंशांवर. अंश मोजायला चकती नसेल तर चाकाच्या कडेवर मोजा: चाक २४ इंची असेल तर २० अंश म्हणजे १०६ मिमी. वरच्या टोकाची खूण आधी खात्रीने करून घ्या. कारखान्यातून आलेली खूण बरोबर असेलच असे नाही. फवारणी लवकर झाली तर इंजिन धातूवर हातोडी पडल्यासारखे वाजते, उशिरा झाली तर शक्ती कमी, सायलेन्सर लाल आणि धूर काळा. याच धुरावरून नोझलला दोष देऊन नवे नोझल विकले जाते, तेव्हा आधी वेळ तपासावी.

पाण्याबाबत तर गावोगाव चूक होते. विहिरीचे गार पाणी पंपातून थेट जॅकेटमध्ये (सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या कप्प्यात) सोडायचे आणि शेतात वाहू द्यायचे, ही पद्धत सोयीची पण सिलिंडरला घातक. इंजिन गार राहिले की डिझेल पूर्ण जळत नाही, रिंगा चिकटतात, लाइनरला काचेसारखी झिलई चढते आणि जळालेल्या गंधकाचे आम्ल पाण्याशी मिळून बीड खाते. त्यापेक्षा दोनशे लिटरचा पत्र्याचा पिंप इंजिनापेक्षा उंच ठेवून वरून आणि खालून नळी जोडा. गरम पाणी आपसूक वर चढते, गार खाली येते, पंप लागतच नाही. वरच्या नळीतले पाणी ८० अंशांच्या आसपास असले की इंजिन सुखात आहे असे समजा. वरची नळी पिंपातल्या पाण्याच्या पातळीखालीच उघडली पाहिजे, नाहीतर अभिसरण तुटते.

ज्यांना दिवे लावायचे आहेत त्यांनी पुलीचे गणित दुकानदारावर सोडू नये. आपला अल्टरनेटर (वीज तयार करणारे यंत्र) १५०० फेऱ्यांचा, इंजिन ६५० चे. पट्टा थेट २४ इंची चाकावरून घेतला तर अल्टरनेटरची पुली १०.४ इंच येते. पट्टा थोडा घसरतो म्हणून सव्वादहा धरा आणि शेवटचा मेळ गव्हर्नरवर (इंजिनाचा वेग कायम राखणाऱ्या भागावर) घाला. दिवे सेकंदाला पाचेक वेळा लुकलुकतील, कारण मिनिटाला ३२५ च स्फोट होतात; तो बिघाड नव्हे. सहा अश्वशक्तीतून घरात ३ किलोवॅटच्या आसपास वीज मिळते असा हिशेब धरावा, डिझेल पूर्ण भाराला तासाला सव्वा ते दीड लिटर. दुकानात ‘पाच केव्हीए आरामात’ म्हणतात तेव्हा इंजिनाची पाटी वाचावी. पाटीवर आयएस १११७० चा उल्लेख आणि आयएसआय चिन्ह आहे का, हेही त्याच वेळी बघावे. शेतीच्या इंजिनांसाठी शक्ती आणि इंधनाचा खप किती असावा हे त्या मानकात बांधून दिलेले आहे.

इंजिन बंद खोलीत, पडवीत खिडकीखाली चालवू नये. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न देता माणूस मारतो. आणि घराच्या बोर्डाला जोडताना चेंजओव्हर स्विच (बाहेरची वीज किंवा इंजिनाची, एका वेळी एकच जोडणारा) हवाच हवा. प्लगमध्ये उलटी वायर खोचून घरात वीज घेणारे महाभाग आहेत. ती वीज मीटरमधून बाहेर जाते, ट्रान्सफॉर्मर तिला उलट दिशेने ११ हजार व्होल्टपर्यंत चढवतो, आणि वादळानंतर खांबावर तार जोडणारा वायरमन लाइन बंद आहे या भरवशावर हात घालतो.

आपल्या पत्राद्वारे दोन सूचना कराव्याशा वाटतात. शासकीय आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक डिझेल’ हा अभ्यासक्रम चालतो. तिथल्या कार्यशाळांनी माफक शुल्कात अशा इंजिनांची भारावर चार तास चाचणी करून फेऱ्या, धूर, तापमान आणि डिझेलचा खप लिहून द्यावा. मुलांना हात मारायला खरे इंजिन मिळेल आणि गिऱ्हाइकाला कागद. दुसरी सूचना विक्रेत्यांना: हेडची जागा, टॅपेट, फवारणीची वेळ आणि चाव्या तपासल्याची सही, एवढ्या चार ओळींचा तक्ता बिलाबरोबर द्या. तो नसेल तर गिऱ्हाइकाने पूर्ण पैसे मोजू नयेत.

आपले,
इंजिन दुरुस्तीतले काही कारागीर,
रे रोड, मुंबई